तलावाची ‘गळती’ थांबवू नका

प्रति,
आपल्या उपनगरातील सर्व गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि तलाव सुशोभीकरण समितीचे सदस्य,
छत्रपती संभाजीनगर

सन्माननीय पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

डोंगरपायथ्याच्या तलावाच्या सुशोभीकरणाचा जो कच्चा आराखडा आपण अभिप्रायासाठी सर्व सोसायट्यांकडे पाठवला, तो मी दोनदा वाचला. त्यात फिरण्याचा मार्ग आहे, मुलांसाठी खेळणी आहेत, रंगीत कारंजे आहे, होड्या आहेत आणि शेवटच्या पानाच्या अलीकडे एक ओळ आहे : तलावाची गळती थांबवण्यासाठी तळाला प्लास्टिकचे अस्तर आणि काठाला काँक्रीट. कारंजे असावे की नसावे यासाठी मी पत्र लिहिले नसते. ही एक ओळ मात्र अमलात आली, तर तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या आपल्या सोसायट्यांचे बोअर ज्या पाण्यावर उन्हाळा काढतात, त्या पाण्याची वाटच आपण स्वतःच्या वर्गणीतून बंद करू. निवृत्त होईपर्यंतची माझी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी याच वस्तीत राहतो. त्या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे.

ज्याला आपण गळती म्हणतो आहोत, ते या तलावाचे काम आहे. हा पाझर तलाव आहे. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात असे तलाव गावोगावी बांधले गेले. त्यांना कालवा नसतो, पाणी सोडण्याचे दार नसते. असतो तो मातीचा बांध आणि एका कडेला सांडवा. पावसाळ्यात डोंगरावरून आलेले पाणी अडवायचे आणि ते हळूहळू जमिनीत जिरवून खालच्या विहिरींपर्यंत पोहोचवायचे, एवढाच त्यांचा हेतू. आपल्या मूळ गावातल्या एका आजींनी या बांधावर त्या दुष्काळात घमेल्याने माती टाकली आहे. दिवसभर माती आणि खडी, संध्याकाळी सुकडी, असे दिवस होते. मी त्यांना आराखड्यातली ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. ‘पानी ठिवायला नव्हतं बांधलं ते, लेकरा, हिरींला लावायला बांधलं,’ त्या म्हणाल्या. ‘संक्रांतीपस्तोर तळं रितं झालं की समजायचं, हिरी भरल्या.’

पाझर तलाव कसा काम करतो हे सांगायला भूजलशास्त्राच्या पुस्तकालाही यापेक्षा वेगळे काही लिहिता येणार नाही. आपण मात्र फाल्गुनात कोरडा पडलेला तलाव पाहतो आणि तो बिघडला आहे असे समजतो. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे प्लॉट घेतले तोपर्यंत खालच्या विहिरी बुजल्या होत्या, त्यांच्या जागी पार्किंग झाले होते, त्यामुळे तलावाचे पाणी कुठे जाते हे डोळ्यांना दिसण्याची सोयच उरली नव्हती. ते जाते आपल्या बोअरमध्ये.

आपल्या पायाखालचा खडक दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट आहे. वरची काळी माती दोन-चार फूट, काही ठिकाणी तीही नाही. मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे तुलनेने मऊ खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि पुन्हा तोच क्रम, कारण लाव्हा एकावर एक थरांनी वाहत आला होता. या खडकाच्या पोटात वाळूसारखी जागा नसते. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात, आणि खडकाच्या एकूण आकारमानाच्या मानाने ते शेकडा एक-दोन-तीन भागच असते. म्हणून आपल्याकडे बोअर पाचशे फूट नेला तरी पाणी लागेलच असे नाही, आणि लागले तर ते बहुधा वरच्याच भेगांतून खाली आलेले असते. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्याकडे संशयाने पाहतो, त्याला हे कारण आहे. आपल्या उपनगरात २०० फूट हा आकडा आता कोणी सांगतसुद्धा नाही, सांगताना लाज वाटते म्हणे.

आता अस्तर घातले असे धरू. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षभरात जेवढे पाणी वाफ होऊन उडते, ते आपल्याकडे पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून अधिक भरते. आपला सरासरी पाऊस ७०० मि.मी.च्या आसपास आहे. तलाव उथळ आहे. जिरणे बंद झाले तरी उडणे बंद होणार नाही, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमक्या सुट्टीत होड्या चालवायच्या दिवसांत, प्लास्टिकच्या ताटलीत हिरवट, खारट, वास मारणारे पाणी उरेल. मग ते ताजे ठेवायला बोअर किंवा टँकर लागेल. ज्या तलावाने बोअरला पाणी द्यायचे, त्याला बोअरने पाणी पाजायचे, असा तो उलटा संसार होईल.

इतके बोलून थांबलो असतो तर पत्र सोपे झाले असते. पण अस्तर न घालण्याच्या बाजूने बोलणाऱ्याला दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : आज या तलावातून जिरते आहे ते काय? कारण जो तलाव पाणी जिरवतो, तो घाणही जिरवतो.

वरच्या अंगाच्या वसाहतींना ड्रेनेज लाइन नाही. प्रत्येक इमारतीला सेप्टिक टँक आहे आणि त्यापुढे शोषखड्डा असल्याचे नकाशात दाखवलेले आहे. मी ज्या ज्या इमारतींचे खड्डे पाहिले, त्यांतले बरेचसे भरलेले होते आणि त्यांतून निघालेला पाइप रस्त्याकडेच्या गटारात सोडलेला होता; गटार नाल्यात आणि नाला तलावात. सेप्टिक टँक म्हणजे प्रक्रिया केंद्र नव्हे. त्यात जड मैला तळाला बसतो, थोडा कुजतो, आणि वरचे पाणी जंतूंसह जसेच्या तसे पुढे जाते. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली नाही, तर तळाला बसायलाही जागा उरत नाही. उपसली तर उपसणारी गाडी ते कुठे नेते, हे आपण विचारत नाही. एकदा पहाटे फिरायला निघालो असताना नळकांडी पुलाजवळ असा टँकर उभा दिसला; दिवे बंद, मागचा जाड पाइप नाल्यात सोडलेला, आणि चालक शेजारी मोबाइल बघत बसलेला. मी विचारले, तर तो शांतपणे म्हणाला की, काका, तुमच्याच सोसायटीचे आहे. ते खरे होते.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या समाधानासाठी तलावाच्या खालच्या काही बोअरचे आणि तलावाचे नमुने घेतले. जंतूंसाठीची एक साधी चाचणी आहे : छोट्या निर्जंतुक बाटलीत औषध लावलेला कागद असतो, त्यात पाणी भरायचे आणि बाटली उबेला एक-दोन दिवस ठेवायची, पाण्यात मैल्याचा अंश असेल तर ते काळे पडते. सात बाटल्या मी स्वयंपाकघराच्या फडताळात ओळीने ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला गेलो, तेव्हा तलावाची बाटली शाईसारखी काळी झाली होती, ती होणारच होती. पण तिच्या शेजारच्या दोन बोअरच्या बाटल्याही काळ्या होत्या, आणि त्यांतली एक माझ्याच इमारतीची होती. त्याच पाण्याचा आम्ही चहा करत होतो. आता करत नाही.

जंतू एक वेळ परवडले, कारण ते क्लोरीनने किंवा उकळून मरतात. नायट्रेट मरत नाही. मैल्यातला नत्र जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रेटमध्ये बदलतो. माती जंतूंना काही प्रमाणात अडवते, पण नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळून पाण्याच्याच वेगाने पुढे जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर क्षार किंवा कठीणपणाला जशी सूट दिली आहे तशी नायट्रेटला दिलेली नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचे दूध पाण्यात कालवून घेणाऱ्या बाळाला ते सर्वांत घातक, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळले तर नायट्रेट वाढते, कारण पाणी उडते आणि ते मागे राहते. ज्या घरांत अजूनही ‘बाळाला उकळून देतो’ असे विश्वासाने सांगितले जाते, त्यांच्यासाठी हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. घरगुती आरओ नायट्रेट बऱ्याच अंशी काढतो हे खरे. मात्र एक लिटर पाणी देताना तो दोन-तीन लिटर सोडून देतो, आणि ते सोडलेले पाणी पुन्हा त्याच शोषखड्ड्यात जाते. जारच्या पाण्याबद्दल इतकेच म्हणतो की जार स्वच्छ दिसणे आणि पाणी तपासलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या बैठकांत एक आशा नेहमी बोलून दाखवली जाते, की जायकवाडीची नवी २५०० मि.मी. व्यासाची जलवाहिनी सुरू झाली आणि आपल्याकडे नळ आले की बोअरचा आणि तलावाचा प्रश्न आपोआप मिटेल. नळाचे पाणी आले पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. टँकरच्या पावत्या फाईल करून करून आपल्या सचिवांचे कपाट भरले आहे. पण हिशेब करून पाहा. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून होते आणि त्यातले ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते असे मानले जाते. चार माणसांची हजार घरे धरली, तर रोज सव्वाचार लाख लिटरहून जास्त सांडपाणी. आज टँकरच्या पाण्यावर आपण बादली मोजून वापरतो, म्हणून शोषखड्डे कसेबसे तग धरून आहेत. नळ आधी आले आणि ड्रेनेज मागून आले, तर हे सारे वाढीव पाणी उताराच्या नियमाने त्याच तलावात उतरेल, आणि जायकवाडीच्या नाथसागरातून वर चढवून आणलेल्या शुद्ध पाण्याने आपण आपले भूजल नासवू. म्हणून महानगरपालिकेकडे करायची आपली पहिली मागणी सुशोभीकरणाच्या निधीची नसावी. वरच्या वसाहतींची मलवाहिनी नळजोडणीच्या आधी, निदान बरोबरीने टाकली जावी, ही ती मागणी असावी. आणि तिच्यावर सगळ्या सोसायट्यांच्या सह्या असाव्यात, खालच्यांच्या आणि वरच्यांच्याही.

मलवाहिनी व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत नाला तलावाला मिळतो तिथे बिनपावसाळ्यातले घाण पाणी अडवून बाजूने वळवणारा बांध घालता येतो, आणि पुरेशी जागा असेल तर गोटे, वाळू आणि पाणवनस्पतींचे वाफे करून ते काही प्रमाणात निवळवताही येते. असे वाफे चमत्कार करत नाहीत, त्यांना गाळ काढणारा माणूस लागतो आणि दोन वर्षे कोणी फिरकले नाही की तेच डबके होतात. तरीही कारंज्याच्या रकमेतून ते होऊ शकतील, एवढे तरी समितीने तपासावे. तलावावरची जलपर्णी दर वर्षी यंत्राने काढायचा खर्च आराखड्यात धरला आहे. तिला खत कोण घालते? आपल्या कपड्यांच्या साबणातला फॉस्फरस आणि आपला मैला. ती वाढत असेपर्यंत काढत राहावी लागेल. दोन वर्षांपूर्वी पहाटे मासे मरून काठाला लागले होते, तेव्हा कोणीतरी विष टाकले अशी चर्चा गटावर झाली. विषाची गरज नसते : शेवाळाने भरलेले पाणी दिवसा प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरून टाकते, आणि पहाट ही अशा तलावातल्या माशांची सर्वांत वाईट वेळ असते.

आता बागांविषयी, कारण आराखड्याचा अर्धा भाग हिरवाईवर आहे आणि तिथे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. बांधावर वड, पिंपळ आणि गुलमोहर लावायचे ठरले आहे. मातीच्या बांधावर मोठी झाडे लावत नाहीत. मुळे आत शिरतात, झाड वाळले की त्या वाटांनी पाणी सुटते आणि बांध पोखरला जातो. बांधाला हवे गवत. झाडे हवीत ती तलावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, जिथून आज मुरूम उपसला जातो आणि प्रत्येक पावसाबरोबर तो गाळ होऊन तळाशी बसतो. तिथे कडुनिंब, करंज, पळस, बाभूळ, आणि ओढ्याच्या कडेला अर्जुन आणि उंबर. या झाडांना पहिली दोन-तीन वर्षे सांभाळले की पुढे कोणाची मिन्नत करावी लागत नाही. तळाचा गाळ मात्र काढलाच पाहिजे, कारण तो जिरण्याची भोके बुजवतो. पूर्वी शेतकरी तो गाड्या भरून नेत, आता सांडपाणी मिसळलेला गाळ तपासल्याशिवाय कोणाच्या शेतात टाकू नये.

आपल्या लेआउटच्या ओपन स्पेसचे काय केले आहे तेही जरा बघावे. कायद्याने मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण ती मोकळी ठेवली नाही : चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉक, मध्ये लॉन, लॉनच्या कडेला कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाची रांग, आणि एक सभामंडप. हजार चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोजचे पाच लिटर धरले, तरी पाच हजार लिटर पाणी लागते, म्हणजे रोज एक छोटा टँकर, आणि आपण ते बोअरमधून देतो. त्याच जागेत मधोमध दोन फूट खोलगट भाग ठेवला, पेव्हर काढून मुरूम उघडा केला, आणि भोवतालच्या छतांचे पाणी तिथे आणले, तर ती बागही राहील आणि पाझर तलावाचे छोटे भावंडही होईल. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ७० हजार लिटर पाऊस पडतो. वाया जाणारे वगळून ५० हजार तरी हाती लागतात. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे ते आहेही, बांधकाम परवान्याच्या फाईलमध्ये. एक काळजी मात्र घ्यावी : बोअरमध्ये थेट सोडायचे ते फक्त छताचे, गाळून घेतलेले पाणी, आणि पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत. अंगणाचे, रस्त्याचे किंवा तलावाचे पाणी थेट बोअरमध्ये सोडणे म्हणजे शोषखड्डा आणि बोअर यांच्यात मातीचा जो काही पडदा उरला आहे, तोही काढून टाकणे. तो पडदा आधीच पातळ आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा असे मानक सांगते. माझ्या इमारतीत ते अंतर मी टेपने मोजले, अकरा भरले. आणि भेगाळलेल्या खडकात १८ मीटरही पुरेसे असतीलच असे नाही.

या शहराला खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा व्यवहार नवा नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवली, त्यानंतर डोंगराकडचे भूजल जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले, आणि पुढे पाणचक्कीचे जातेही तशाच नहरीच्या पाण्यावर फिरले. ज्या काळात पंप नव्हता, त्या काळात डोंगर, उतार आणि झिरपा यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहिले गेले होते. आपल्याकडे पंप आहे, म्हणून बघायची गरज उरलेली नाही.

समितीकडे माझी विनंती अशी की अस्तराची आणि काठाच्या काँक्रिटची कलमे आताच वगळावीत. बांधाच्या आतल्या अंगाचे दगडी पिचिंग, म्हणजे माती धुपू नये म्हणून रचलेले दगड, ढासळले आहे, ते दुरुस्त करावे, कारण ते वेगळे काम आहे आणि आवश्यक आहे. फिरण्याचा मार्ग साध्या मुरमाचा करावा. गणेश विसर्जनासाठी तलावाबाहेर कृत्रिम हौद ठेवावा. होड्यांचा विषय तलावाचे पाणी दोन पावसाळे सलग तपासून झाल्यावर काढावा. आणि तलावाच्या खालच्या बोअरची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सर्व सोसायट्यांच्या खर्चाने करून तिचे आकडे प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावावेत. आकडे लावल्याने फ्लॅटचे भाव पडतील ही भीती मागच्या बैठकीत एका सदस्यांनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. पण फ्लॅट विकत घेणाऱ्या माणसाच्या घरातही लहान बाळ असू शकते.

सुरुवात म्हणून येत्या सोमवारी सकाळी साडेसहा वाजता सांडव्यापाशी जमू. रविवारी प्रयोगशाळा बंद असते, म्हणून सोमवार ठरवला आहे. प्रत्येक सोसायटीने एक माणूस पाठवावा आणि आपल्या बोअरची खोली, मोटार किती फुटांवर आहे आणि शोषखड्डा किती अंतरावर आहे हे कागदावर लिहून द्यावे. अंतर अंदाजाने सांगू नये, टेपने मोजावे. निर्जंतुक केलेल्या बाटल्या मी आणतो, घरच्या बाटल्या आणू नयेत. नमुने बर्फात ठेवून दुपारच्या आत पोहोचवायचे आहेत, त्यामुळे सातनंतर येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही.

आपला,
तलावाच्या खालच्या अंगाला राहणारा एक सभासद